अंगड्या-टोपड्यांचा कस

जुन्नरच्या पेठेत, मंचरच्या बाजारात किंवा पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावात बाळंतविड्याची खरेदी करावयास गेलेल्या कुटुंबापुढे आज दोन प्रकारचे कपडे ठेवले जातात. एक साधे, सुती, ढिगातून उचलावयाचे. दुसरे जाड खाकी कागदाच्या पुठ्ठ्यात बांधलेले, वर हिरव्या पानाचे चित्र आणि 'ऑरगॅनिक कॉटन' हे शब्द. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट असते. नातवासाठी घ्यावयाचे, त्यात हिंसा कमी आणि बाळाच्या त्वचेला अपाय नाही, असे म्हटल्यावर आजी-आजोबा किमतीचा विचार करीत नाहीत. जैन घरात तर 'कमी हिंसेचे' हा शब्द पुरेसा असतो.

परंतु काही धुण्यांतच झबल्याचा गळा ओघळतो, लंगोटाची शिवण उसवते, दुपट्यावर लोकरीसारखे गोळे येतात. पूर्वी एक झबले तीन भावंडांच्या अंगावरून उतरून पुसणे होत असे. आजचे महागडे झबले पहिल्या बाळाच्या सहाव्या महिन्यालाच निकामी होते, अशी तक्रार आपल्या श्राविका-मंडळांतून वारंवार कानी येते. पैसे अधिक, आयुष्य कमी आणि वर अहिंसेचे समाधानही खरे की खोटे हे ठाऊक नाही, अशी ही स्थिती आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या कपड्यांची गिऱ्हाइके आहेत, तशीच अनेक कुटुंबे कापडाच्या व्यापारात पिढ्यान् पिढ्या आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्याला गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो.

'सेंद्रिय' या शब्दात काय आहे?

जुन्नर आणि आंबेगाव हे कापसाचे तालुके नव्हेत. येथील रानात टोमॅटो, कांदा, द्राक्ष, बटाटा पिकतो. कापूस येतो तो विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणातून. विणलेले कपडे बहुतांशी तमिळनाडूतील तिरुप्पूरसारख्या होजिअरीच्या केंद्रांतून येतात. आपल्या हाती आलेल्या झबल्यामागे शेतकरी, सरकी काढणारा जिनिंग कारखाना, सूतगिरणी, विणकाम, रंगाई, शिलाई आणि विक्रेता अशी सात हातांची साखळी असते. 'सेंद्रिय' हा शब्द त्या साखळीच्या पहिल्या कडीविषयी आहे. रासायनिक कीटकनाशके व खते न वापरता, जनुकीय बदल न केलेल्या बियाण्यापासून पिकविलेला कापूस, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

या पहिल्या कडीचे महत्त्व लहान नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे आपण विसरता कामा नये. श्वेतांबर परंपरेत श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत 'विषवाणिज्य' आहे. विषाचा व्यापार न करणाऱ्याने विष फवारून पिकविलेल्या वस्त्राचा विचार करावा, हे ओघानेच येते. सेंद्रिय कापसाची मागणी करणारी माता म्हणूनच केवळ हौस करीत नाही. तिच्या निवडीला धर्माचा आधार आहे.

अडचण पुढे आहे. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तोच पेरला जातो. साधे, बिनबदलाचे बियाणे मिळविणे हेच कित्येक शेतकऱ्यांना कठीण झाले आहे. रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीत येताना दोन-तीन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. त्या काळात उत्पन्न घटते आणि सेंद्रियचा भाव मात्र मिळत नाही. मागणी वाढली म्हणून खरा सेंद्रिय कापूस एका हंगामात वाढत नाही. बाजारात तो एकाएकी मुबलक दिसू लागला, तर शंका घ्यावयास जागा असते.

कागदावरचा कापूस

आणखी एक गोष्ट ग्राहकास सहसा ठाऊक नसते. कापूस पिंजून, सूत कातून, कापड उकळून, विरंजन करून, रंगवून तयार झाले की ते सेंद्रिय कापसाचे आहे की नाही हे तयार कपड्यावरून सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. कीटकनाशकाचे अंश प्रक्रियेत बहुतेक धुऊन जातात आणि जनुकीय चाचणीही कच्च्या कापसावर जितकी भरवशाची, तितकी तयार कपड्यावर राहत नाही. हाताला, डोळ्यांना, नाकाला दोन्ही कपडे सारखेच लागतात. म्हणजे आपण दुप्पट किंमत मोजतो ती एका कागदाच्या भरवशावर. शेतापासून शिलाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर माल हस्तांतरित होताना जे व्यवहार-प्रमाणपत्र दिले जाते, तोच काय तो पुरावा.

हाच पुरावा खोटा करण्यात आला. सेंद्रिय वस्त्रांसाठी जगभर मान्य असलेले प्रमाण म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, व्यवहारात 'गॉट्स'. या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतःच जाहीर केले की, भारतातील सेंद्रिय कापसाच्या साखळीत पद्धतशीर फसवणूक आढळली असून सुमारे २० हजार टन कच्चा कापूस बनावट कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखविण्यात आला. त्यासाठी सरकारी व्यवस्थेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उभी केली होती. प्रमाणपत्रावरील चौकोनी संकेतचिन्ह तपासणाऱ्याला ते त्या नकली पानावर नेई आणि तेथे सारे ठीक असल्याचे दिसे. अकरा कंपन्यांवर प्रमाणनबंदी घालण्यात आली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानेही भारतीय सेंद्रिय प्रमाणन व्यवस्थेशी असलेला मान्यता-करार संपुष्टात आणला.

या प्रकाराला इंग्रजी शब्द शोधण्याची आपल्याला गरज नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे अस्सल वस्तूच्या रूपाची नकली वस्तू अस्सल म्हणून चालविणे. शुद्ध तुपात भेसळ, सोन्यात हिणकस धातू ही त्याची जुनी उदाहरणे. शेतातील साध्या कापसावर 'सेंद्रिय' असे नाव घालणे हे त्याचे आजचे उदाहरण. आचार्यांनी त्याला असत्याच्या खाली न ठेवता चोरीच्या खाली ठेवले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. येथे गिऱ्हाइकाचे द्रव्य चोरीस जाते, आणि ज्या शेतकऱ्याने खरोखर विष न फवारता कापूस पिकविला त्याचा न्याय्य भावही चोरीस जातो. नकली माल स्वस्तात उपलब्ध असेल, तर त्याच्या खऱ्या कापसाला जादा दाम कोण देईल?

कापड पातळ का झाले?

प्रमाणपत्र खरे असले तरी कपडा टिकाऊ असतोच असे नाही, ही दुसरी गोष्ट. प्रमाणपत्र कापूस कसा पिकला, कोणती रसायने वापरली, कामगारांना कसे वागविले हे सांगते. रंग पक्का असावा, कापड फार आटू नये, अशा काही कसोट्या त्यात असतात. परंतु झबले किती जाड असावे आणि किती वर्षे चालावे याची हमी ते देत नाही. हिरव्या पानाच्या चित्राखाली पातळ कापड विकण्यात नियमभंग होत नाही.

होजिअरी कापडाचा कस एका चौरस मीटरला किती ग्रॅम वजन यावर मोजतात. समजा, एखाद्या उत्पादकाने १८० ग्रॅमचे कापड १४० ग्रॅमवर आणले, तर सुमारे बावीस टक्के सूत वाचते आणि दुकानात घडी घालून ठेवलेल्या कपड्यात हा फरक कुणाच्या ध्यानी येत नाही. शिवाय सूतही दोन प्रकारचे असते. आखूड तंतू विंचरून काढलेले कोम्ड सूत गुळगुळीत व मजबूत असते. न विंचरलेल्या स्वस्त सुतातून तंतू बाहेर येत राहतात आणि कापडावर गोळे धरतात. हे उणेपण झाकण्यासाठी विकरांची धुलाई करतात, जिला व्यापारात बायोवॉश म्हणतात. तिने वरची लव खाल्ली जाते आणि कापड पहिल्या स्पर्शाला लोण्यासारखे मऊ लागते. प्रमाणात केली तर ही प्रक्रिया उपयुक्त आहे. अतिरेक केला तर ती कापडाचे वजन आणि बळ दोन्ही घटविते. दुकानातील मऊपणा हा टिकाऊपणाचा पुरावा मानणे म्हणूनच धोक्याचे.

यात महागाईची भर पडली. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी, म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई, एक लाख रुपयांच्या वर गेली होती. अशा वेळी विक्रेत्यापुढे दोन मार्ग असतात: किंमत वाढविणे किंवा कस घटविणे. किंमत चिठ्ठीवर दिसते, कस दिसत नाही. शिवणीतील माया अर्ध्या इंचाची पाव इंच होते, दुमड एका पदराची होते, खांद्यावरची पट्टी गळते. भाव उतरले तरी घटविलेला कस आपोआप परत येत नाही.

आणि एक कारण आपल्या घरातले आहे. बाळाचे कपडे आता बहुधा भेट म्हणून घेतले जातात. घेणारा बारशाला एकदा देतो, धुणारी आई वेगळी असते. भेटवस्तूत खोक्याचे रूप आणि नावाची प्रतिष्ठा पाहिली जाते. बारा-पंधरा जोड आले की एकेक जोड चार-पाच वेळांहून अधिक अंगावर येत नाही, आणि कपडा टिकला नाही हे कुणाला कळतही नाही. अतिसंग्रहाने वस्तूची परीक्षाच नाहीशी होते. अपरिग्रह हा केवळ साधूंचा विषय नव्हे, हे बाळाच्या कपाटाकडे पाहूनही समजते.

सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे

श्रावकाने येथे आणखी एक भेद जाणून घ्यावा. सेंद्रिय वस्त्रांच्या नियमांत रेशीम आणि लोकर यांनाही स्थान आहे. कोशातील जीव मारून उलगडलेले रेशीमही 'ऑरगॅनिक' या नावाने विकले जाऊ शकते. 'नैसर्गिक रंग' या शब्दाचेही तसेच. लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांपासून मिळतो, तसाच लाखेच्या किड्यांपासून आणि कोचिनील नावाच्या किड्यांपासूनही मिळतो. लाक्षावाणिज्य हेही पंधरा कर्मादानांत आहे. रंग नैसर्गिक असून हिंसक असू शकतो.

'बांबूचे कापड' हे तिसरे फसवे नाव. बाळाचे दुपटे बांबूचे म्हणून विकतात, तेव्हा बहुतेक वेळा ते व्हिस्कोस असते. बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइडसारख्या तीव्र रसायनांत विरघळवून काढलेला तो धागा असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये वॉलमार्ट व कोल्स या दोन मोठ्या विक्रेत्यांवर याच खोट्या दाव्यासाठी कारवाई केली आणि दोघांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरण्याची वेळ आली.

उलट बाजूही सांगावी. सेंद्रिय शेतीतही कीड आटोक्यात ठेवावी लागते. निंबोळी अर्क, कामगंध सापळे यांनीही जीव मरतात. पूर्ण अहिंसक वस्त्र गृहस्थाला मिळणार नाही. त्याचे कर्तव्य हिंसा जाणून, मोजून, कमी करीत जाण्याचे आहे. त्यासाठी खरी माहिती हवी.

ही चौकशी नवी नाही

वस्त्राचे मूळ विचारण्याची परंपरा आपल्याकडे आहे. स्थानकवासी परंपरेतील आचार्य जवाहरलालजी महाराज (१८७५–१९४३) यांनी गिरणीच्या कापडाच्या खळीत वापरल्या जाणाऱ्या चरबीकडे श्रावकांचे लक्ष वेधले आणि खादीचा पुरस्कार केला. त्या काळी व्यापाऱ्यांना ते गैरसोयीचे वाटले असणार. तरीही अनेकांनी गिरणीचे कापड सोडले.

त्याहून जुना दाखला आपल्या परिसराचाच आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्य-व्यापारी, कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींचे उल्लेख कोरलेले आहेत. शेजारच्या नाशिकच्या लेण्यांत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या उषवदाताच्या लेखात, गोवर्धन येथील एका विणकर-श्रेणीकडे दोन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याची नोंद आहे. दरमहा शेकडा एक व्याजाने वर्षाला २४० कार्षापण होत आणि त्यांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. मूळ रकमेला हात लावावयाचा नव्हता. राजाच्या जावयाने आपले दान विणकरांच्या हवाली केले, एवढी त्या व्यवसायाची पत होती. आज ती पत गमावण्याचा धोका आहे, आणि ती सांभाळण्याचे काम कायद्याइतकेच पेढीचेही आहे.

कायदा आता थोडा पुढे आला आहे. सेंद्रिय अन्नासाठी भारतात २०१७ चे नियम आहेत, ते कपड्यांना लागू होत नाहीत. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. हरित, पर्यावरणस्नेही असे मोघम दावे करणाऱ्याने आता पुरावा दिला पाहिजे. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे.

सह्याद्रीचा हिरडा

जुन्नर-आंबेगावला कापूस नाही, पण रंगाईतील एक मौल्यवान वस्तू आहे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर ते नाणेघाट या डोंगरांत महादेव कोळी समाज हिरडा गोळा करतो. कोवळा वाळविलेला बाळहिरडा हा त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा आधार. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने या झाडांचे फार नुकसान केले. आपल्या घरांत हिरडा बाळगुटीच्या सहाणेवरून परिचित आहे. रंगाऱ्याला तो दुसऱ्या कारणाने हवा असतो. सुती कापडावर वनस्पतिज रंग सहजी धरत नाही. हिरड्याच्या पाण्यात कापड बुडविले की त्यातील टॅनिन तंतूंत बसते, मग तुरटी लावली की रंग पक्का होतो. कच्छचे अजरख आणि आंध्रातील कलमकारी याच पायावर उभे आहेत. नुसत्या हिरड्याने फिका पिवळा रंग येतो, लोहाच्या पाण्याने काळा.

हा हिरडा येथून कच्चा जातो आणि त्याचे मोल दुसरीकडे वाढते. आपल्या परिसरातील व्यापारी, शिंपी आणि महिला बचतगट यांनी मिळून खादी किंवा मांजरपाटाची साधी, हिरड्याच्या रंगाची झबली-दुपटी केली, तर त्यांचे मूळ गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पाहता येईल. शेतापासून शिलाईपर्यंतच्या सात हातांपैकी तीन-चार हात ओळखीचे होतील. परीक्षेचा तो सर्वांत जुना मार्ग आहे. विदर्भात १९३८ पासून उभे असलेले वर्ध्याचे मगन संग्रहालय खादी व ग्रामोद्योगाचे हे काम दाखवीत आले आहे.

घरात आणि पेढीवर

खरेदी करणाऱ्यांनी काही गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. नुसते 'ऑरगॅनिक' लिहिलेले असेल तर त्याला मोल देऊ नये. गॉट्सच्या खऱ्या चिठ्ठीवर प्रमाणन संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतो, तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तेथे 'ऑरगॅनिक' म्हणजे किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' म्हणजे किमान ७० टक्के, हा फरक वाचावा. ओको-टेक्स हे चिन्ह निराळे आहे. त्यातील पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी असून ते कपड्यात घातक द्रव्ये नाहीत एवढेच सांगते, कापूस सेंद्रिय आहे असे सांगत नाही.

मग कपडा उलटा करावा. शिवणीत माया किती आहे, दुमड दुहेरी आहे का हे पाहावे. कापड उजेडापुढे धरावे; विणीतून बोटे स्पष्ट दिसली तर ते पातळ आहे. गळ्याची पट्टी ताणून सोडावी, ती जागेवर यावयास हवी. अंगठ्याने कापड जोराने चोळावे, लव उठली तर पुढे गोळे येणारच. नवा कपडा धुतल्याखेरीज बाळास घालू नये.

आणि सर्वांत सोपी, सर्वांत अहिंसक गोष्ट म्हणजे जुनेराचा वापर. आजीच्या अनेकवार धुतलेल्या सुती लुगड्याची दुपटी आणि लंगोट आपल्याकडे दारिद्र्य म्हणून वापरीत नसत. कित्येक धुण्यांत कापडातील खळ व रसायने निघून गेलेली असत, म्हणून ते नवजाताला योग्य मानीत. त्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही, नवा रंग लावावा लागत नाही. भावंडांचे, चुलत-मावस भावंडांचे कपडे वापरण्यातील संकोच आपण सोडला पाहिजे. श्रावकाच्या रोजच्या चौदा नियमांत वस्त्राचाही नियम आहे. तो मोठ्यांनी स्वतःपुरता घेतला जातो, बाळाच्या बारशालाही तो लावता येईल. आप्तांना आधीच सांगावे की, दोनच जोड द्या, पण चांगले द्या. प्रत्येक गावच्या महिला मंडळाने लहान मुलांच्या धुतलेल्या, सुस्थितीतील कपड्यांची एक पेटी ठेवली, तर चातुर्मासातील तो सुंदर उपक्रम होईल.

कापड व्यापारातील बंधूंना एवढीच विनंती आहे. पुरवठादाराकडे प्रमाणपत्र मागावे, त्याची प्रत दुकानात ठेवावी आणि बिलावर जे लिहू शकत नाही ते तोंडाने सांगू नये. 'हे ऑरगॅनिक आहे की नाही मला ठाऊक नाही, पण कापड मजबूत आहे' असे म्हणणारा दुकानदार एखादे गिऱ्हाईक गमावील, अचौर्य व्रत गमावणार नाही. प्रतिक्रमणाला बसल्यावर तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांची आलोचना आपण दर वेळी करतोच. या वर्षी प्रतिरूपक व्यवहाराच्या जागी क्षणभर थांबावे आणि आपल्या फळीवरील हिरव्या पानांच्या पाकिटांची आठवण करावी.